भाऊ येईपर्यंतचा दिवा

सकाळी चहा पिताना फोन वाजला. घरच्या ग्रुपवर भावानं कुठलासा लेख टाकला होता, कुणी लिहिला, कुठून आला, काही पत्ता नाही. मथळा ठळक होता म्हणून मला वाचता आला. ज्यांना प्रवासाची आवड असते ती माणसं जास्त बुद्धिमान असतात, असं त्यात म्हटलं होतं. खाली भावाचा फोटो. बोटीत उभा, डोळ्यावर काळा चष्मा, मागं पाणीच पाणी. त्याच्या बायकोनं, पोरांनी, मावशीच्या सुनेनं पटापट अंगठे दिले. मीही दिला. अंगठा द्यायला माझं काय जातंय.

मग उठून देवघरात गेले आणि दिव्यात तेल घातलं. तेही रागानं. म्हणजे आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत दोन खोल्यांत जन्म काढला तो डोकं कमी होतं म्हणून, असंच ना? लहानपणी त्याच्या वहीतले नकाशे मी रंगवून द्यायचे. त्याला गोदावरी कुठली आणि कृष्णा कुठली हे दहावीपर्यंत कळत नव्हतं. आता तो विमानात बसून ढगांचे फोटो पाठवतो आणि पेठेतली माणसं काही अडलं की त्यालाच फोन लावतात. मला विचारतात ते फक्त शिकवणीची वेळ.

पण रागाचं खरं कारण लेख नव्हता. खरं कारण तो दिवा होता. ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

भाऊ इंजिनियरिंगला पुण्याला निघाला त्या सकाळी आईनं देवघरात दिवा लावला. आई करकंबची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी कुणी लांब गेलं की ते परत येईपर्यंत नंदादीप तेवत ठेवायची पद्धत होती. तिच्या वडिलांनी कुणीतरी बाजाराला बैल घेऊन गेलं म्हणून लावला असेल, चार रात्रींचं काम. आमच्या आईनं चार वर्षांच्या कॉलेजसाठी लावला. त्याचे नियम होते. तेल घरच्याच माणसानं घालायचं, शेजारणीच्या हाताला चालत नाही. दिवा जळत असलेल्या घराला कुलूप लावायचं नाही. आणि तो परत येईपर्यंत विझू द्यायचा नाही.

तो परत आलाच नाही. म्हणजे येतो, दिवाळीला येतो, आईच्या पाया पडतो, शेंगाचटणीचे डबे भरून नेतो. पण आई म्हणायची, ह्ये येणं न्हवं, ही चक्कर. कॉलेज संपलं तशी नोकरी लागली, मग नोकरीत बढती, मग यंत्रं बसवायला देशोदेशी फिरणं. नवस बोलताना शेवट कुठं ते ठरवायचं असतं, तेवढं आई विसरली. आम्हीही कुणी विचारलं नाही. वडील तर त्याच्या दुसऱ्या वर्षीच गेले. माझं लग्न झालं नाही, त्याची कथा वेगळी आणि ती मला सांगायची नाही.

तर राहिलो आई, मी आणि दिवा. आईचे हात कापायला लागले तेव्हापासून तेल घालणं, वात सारखी करणं, काजळी काढणं माझ्याकडे आलं. शाळेला जाताना भरून जायचे, मधल्या सुट्टीत धावत घरी यायचे, रात्री एकदा उठायचे. आईचं दुपारी नुसतं लक्ष ठेवायचं काम.

आणि शाळेत मी शिकवायचे काय, तर भूगोल. आहे की नाही गंमत? फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवायचा, भरती-ओहोटी समजावायची, मॉन्सूनचे बाण काढायचे, बेटं, खाड्या, पुळण. पोरं एकदा तरी विचारायचीच, बाई, तुम्ही समुद्र बघितलाय का? मी म्हणायचे, बघायचाय. पहिल्या वर्षी म्हटलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं. निवृत्तीच्या वर्षीही तेच म्हटलं, आणि तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली. तिची आई माझी विद्यार्थिनी होती, घरी बोलणं झालं असणार.

शाळेची सहल निघायची ती दरवर्षी. कोकणात दोनदा गेली. दोन्ही वेळा यादी मी केली, पालकांच्या सह्या मी घेतल्या, गाडी सुटेपर्यंत स्टँडवर मी उभी. गाडीत बसल्या दुसऱ्या बाई. माझा सगळ्यात लांबचा प्रवास अकलूजचा, तोही प्रशिक्षणाला, आणि बाकी सगळ्यांची राहायची सोय असताना मी संध्याकाळची एसटी धरून घरी. जाता-येता खिडकीतून ऊसच ऊस. एकदा दिवसाच्या दिवसात उजनीचं धरण बघून आले. पाणी मोप होतं, पण पलीकडचा काठ दिसत होता. मला काठ नसलेलं पाणी बघायचं होतं.

लोक म्हणतात पायाला भिंगरी असते एकेकाच्या. माझ्याही होती, तुम्हाला शपथेवर सांगते. रेल्वेचं वेळापत्रक मी कादंबरीसारखं वाचायचे. कुठली गाडी कुठं इंजिन बदलते ते मला पाठ. फक्त ती भिंगरी दोन खोल्यांत फिरायची. आणि एका जागी फिरणारं काहीही जागा खोल करत जातं, तसं माझं झालं. तेच बोलणं, तीच उदाहरणं, तेच विनोद. निवृत्तीच्या समारंभात एक सहकारी प्रेमानं म्हणाल्या, बाईंचा मॉन्सूनचा तास म्हणजे शब्दन् शब्द तोच, दरवर्षी. टाळ्या पडल्या. मी घरी येऊन खूप रडले. आपल्या डोक्यावर बुरशी चढलीय हे मला चारचौघांत कळलं, आणि तेही कौतुक म्हणून.

निवृत्त झाल्यावर वाटलं, आता जाऊ. आता शाळा नाही, काही नाही, भावाला म्हणू की दोन दिवस येऊन बस. पण त्याच्या आत डोळ्यांनी घात केला.

आधी कडेला ठेवलेली कपबशी पडायला लागली. मग गल्लीत हातगाडीला धडकले, गाडीवाला म्हणाला, मावशी, एवढी मोठी गाडी दिसंना का? मला राग आला, गाडी मधेच आली असं वाटलं. मग पायरी चुकले. शेवटी शेजारच्या वहिनींनी धरून डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. आमच्या शेजारी विणकरांचं घर आहे, घरात तेलुगू बोलतात, वहिनींचं मराठी माझ्याहून गोड. डॉक्टरांनी यंत्रात डोकं घालायला लावलं, दिवे लुकलुकले, दिसला की बटण दाबायचं. मी दाबतच नाही म्हणून तो पोरगेला डॉक्टर आधी वैतागला. मग त्यानं यंत्र परत सुरुवातीपासून लावलं.

काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटी जातं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून आहे ते टिकवायचं. हे सगळं त्यानं नीट सांगितलं. निघताना म्हणाला, "काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या, बाई."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात. आमच्याकडे दोन होते तेच परत न्यायला निघाला. रिक्षात वहिनींनी माझा हात धरला होता आणि मी मनात एकच गोष्ट घोकत होते. समुद्र. बाकी हिमालय, वाळवंट, बर्फ सगळं गेलं खड्ड्यात, मला फक्त समुद्र द्या. तो काही चंद्रावर नाही. सोलापुरात एसटीत बसलं की सकाळी रत्नागिरी. एका रात्रीचं अंतर, आणि तेवढंच माझ्याच्यानं कापवत नव्हतं.

भावाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. म्हटलं, तीन दिवस येऊन आईजवळ बस, दिव्यात तेल घाल, मला समुद्र बघून येऊ दे. तो लगेच हो म्हणाला. वाईट नाही तो मनानं. म्हणाला, ताई, त्यात काय विचारायचं, येतो की. शाळेतली एक निवृत्त मैत्रीण सोबत यायला तयार झाली. तिनं तिकिटं काढली, शुक्रवारची. मी पिशवी भरली, परत उपसली, परत भरली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मासं खाऊ नगंस, पोट बिघडंल.

तो बुद्धीचा लेख आला तो त्याच आठवड्यात. म्हणून चिडले होते, पण आतून खूषही होते. म्हटलं, शुक्रवारनंतर मीपण बुद्धिमान.

गुरुवारी सकाळी भावाचा निरोप. परदेशातलं कुठलंसं यंत्र बंद पडलंय, विमानतळावर निघालोय, सॉरी ताई, पुढच्या महिन्यात शंभर टक्के. सोबत हात जोडलेलं चित्र.

पुढच्या महिन्यात माझी नजर कुठवर आलेली असेल ते कुणी सांगावं? आईला म्हटलं, वहिनी तेल घालतील, मी जाऊ का? वहिनी तयार होत्या, उंबऱ्यातच उभ्या होत्या. आई म्हणाली, घरच्या हातानं घालायचं असतंय. बस. तेवढंच. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. थेंब संपले होते, ते आणायला दवाखान्याच्या बाजूच्या दुकानात गेले आणि येताना मैत्रिणीच्या घरी जाऊन सांगून आले की तिकीट रद्द कर. ती म्हणाली, उद्या सकाळपर्यंत थांबते. कशाला थांबतेस, म्हटलं.

घरी आले तेव्हा भर दुपार होती. आमच्याकडची दुपार म्हणजे भट्टी, पत्रा नुसता कडकडत असतो. आई देवघराच्या दाराशी भिंतीला टेकून झोपली होती, मांडीवर शेंगांचं सूप, अर्ध्या फोडलेल्या, अर्ध्या तशाच. मी सवयीनं तेलाची बुधली उचलली आणि वाकले. आता मला समोरचंच दिसतं, म्हणून नीट समोर बघितलं. वात काळी होती. धूरसुद्धा नव्हता. कधीचा विझला असेल कोण जाणे.

डोक्यात एकच आलं, विमान. मी शिकलेली बाई, अधूनमधून विज्ञानाचेही तास घेतलेली, आणि मला त्या क्षणी खात्री होती की भाऊ गेला. फोन लावताना आकडे दिसेनात. तिसऱ्यांदा लागला. पलीकडं भांड्यांचा आवाज, तोंडात घास.

"काय गं ताई? बोर्डिंगला वेळ आहे, जेवतोय."

काही नाही, सहज, असं म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर आई जागी झाली होती. मी म्हटलं, आई, दिवा विझला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आई दचकेल, छाती बडवेल, नवस मोडला म्हणून रडेल, असं वाटून मी तिला धरायला हातसुद्धा पुढं केला.

ती म्हणाली, "आगं मग लाव की. काडी दे हिकडं."

मी काडेपेटी दिली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि एका काडीत वात पेटवली. मी बघत राहिले. ज्या हातांना बुधली उचलत नाही म्हणून मी रात्री-अपरात्री उठत होते, तेच हात. मनगट धरायची ती रीत त्या दिवशी सुचलेली नव्हती. ती अंगवळणी पडलेली होती.

मी विचारलं, "याआधी पण विझलाय?"

"लई येळा. तू शाळंत असायचीस, माजा डोळा लागायचा. इझला की लावायचा. त्यात काय."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

तिनं सूप पुढं ओढलं. दोन-तीन शेंगा फोडल्या. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बी गेली असतीस मग."

बाजूच्या गल्लीतला माग खटखटत होता. मी तिच्यासमोर बसले होते आणि मला तिचा चेहरा दिसत होता, तेवढाच, आजूबाजूची खोली नाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कावेबाजपणाही नव्हता. एक पोरगा गेला, नवरा गेला, दुसरं पोर तेवढं जाऊ नये म्हणून तिनं जे हाताशी होतं ते केलं. आणि मला तिचा गळा दाबावासा वाटला. हे मी लिहितेय कारण ते खरं आहे. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला, पाण्याचा दिवस नव्हता, नळ कोरडाच फुसफुसला. त्या आवाजात मी रडून घेतलं.

त्या दुपारी सगळ्यात जास्त लागलं ते आईचं बोलणं नव्हे. लागलं ते हे की मी कधी विचारलंच नाही. ऐंशीच्या घरातली बाई, उन्हाळ्याची दुपार, जेवून भिंतीला टेकलेली. दिवा विझणार नाही तर काय होईल? सहावीतल्या पोरालाही सुचलं असतं. ज्यानं चार गावं बघितलीत, चार घरच्या चार रीती बघितल्यात, त्यानं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, की काय हो, विझला तर काय करता? मला एकच घर माहीत होतं आणि त्या घराचे नियम मला सूर्य पूर्वेला उगवतो तसे वाटत होते. तेव्हा भावाचा तो लेख खरा असेल. नुसती आवड असून भागत नसावं एवढंच. भाऊ तर म्हणतो त्याला हॉटेलं सगळी सारखीच दिसतात, विमानात बसला की झोपतो. आवड सगळी माझ्याकडे होती. ती घरात ठेवून ठेवून आंबली.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, रद्द करू नकोस.

शुक्रवारी निघताना आईनं काही विचारलं नाही. मी बुधली तिच्याजवळ ठेवली, काडेपेटी ठेवली. वहिनी झोपायला येणार होत्या. आई म्हणाली, पोचलीस की फोन कर. मी बरं म्हटलं. पाया पडले नाही. एवढा राग तरी माझ्या हक्काचा होता.

रात्रभर खिडकीशी बसून राहिले, बाहेर काळोख आणि काचेत माझाच चेहरा. घाट उतरून किनाऱ्याजवळ आलो तसा वास बदलला, ओला, खारट, सुक्या मासळीचा. पुस्तकात हा वास नव्हता. सकाळी रत्नागिरीत उतरल्यावर मैत्रीण माझा दंड धरून वाळूवर घेऊन गेली. पायाखाली वाळू सरकत होती आणि पुढं मोठ्ठा आवाज होता, थांबतच नव्हता. तीच आधी म्हणाली, बाई गं, केवढा अफाट. मी डोळे उघडून समोर बघितलं.

पाणी होतं. करडं, हलणारं, वर पांढरी रेघ. ताटाएवढं. त्याच्या बाहेर काही नाही, काळंही नाही, नुसतं नाहीच. समुद्र समुद्र म्हणतात तो त्याच्या रुंदीमुळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत मावत नाही म्हणून. मी वर्गात हेच सांगायचे, दोन्ही हात पसरून. आणि माझ्याकडची नेमकी तेवढी नजर गेली होती. काठ दिसत नव्हता हे खरं. पण माझ्यासाठी आता कशालाच काठ राहिला नव्हता.

मैत्रीण भिजायला पुढं गेली. मी तिथंच वाळूत बसले, लाटा पायावर येत होत्या आणि येताना दिसत नव्हत्या, एकदम गार लागायच्या. तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचा नंबर, पण आवाज आईचा.

"दिसला का?"

"दिसला."

"केवढा हाय?"

मला सगळं सांगावंसं वाटलं. तुझ्यामुळं केवढा उरलाय ते सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले. पलीकडं ती श्वास घेत होती, फोन कानाला उलटासुलटा धरल्यासारखा.

"लई मोठा आहे," मी म्हटलं.

"बग मग निवांत," ती म्हणाली. "हितं दिवा हाय."

फोन ठेवला आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडं नेली. एक तुकडा दिसायचा, पुढच्याकडं गेले की आधीचा जायचा. परत डावीकडं आले. ऊन चढेपर्यंत तेच करत राहिले. तुकडे काही जुळले नाहीत. तो सगळा मिळून केवढा होता, ते अजूनही मी पुस्तकात होतं तेवढंच सांगू शकते.